उभे स्पीकर आणि काँक्रीटची खोली

घरी संगीत ऐकण्याची चांगली यंत्रणा घेण्याचा विचार सुरू झाला की टॉवर स्पीकरकडे, म्हणजे स्टँडवर किंवा फळीवर न ठेवता थेट जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, साधारण तीन ते चार फूट उंचीच्या स्पीकरकडे, श्रेष्ठतेची खूण म्हणून पाहिले जाते आणि खिशाला परवडत असेल तर तोच घ्यावा असा सल्ला सर्रास दिला जातो. या सल्ल्यात तथ्य आहे, कारण मोठ्या पेटीशिवाय खोल खर्ज निर्माण करणे अवघड असते. परंतु तो खर्ज ज्या खोलीत उमटणार त्या खोलीचा विचार त्यात बहुधा नसतो. महाराष्ट्रातील शहरी घरांच्या बाबतीत ही उणीव फार महत्त्वाची ठरते, कारण येथील दिवाणखाने लहान असतात, विटा-काँक्रीटचे असतात, आणि अशा ठिकाणी खालच्या स्वरांचे काय होणार हे स्पीकरपेक्षा खोलीच अधिक ठरवते.

टॉवर स्पीकरची पेटी मोठी का असते, हे आधी पाहणे आवश्यक आहे. आज घरोघरी असलेल्या स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे टांगलेले असते, त्याला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू जोडलेला असतो, आणि वेटोळ्यातील वीजप्रवाह बदलला की शंकू पुढेमागे हलून हवेत दाब निर्माण करतो. या रचनेला व्यवहार्य रूप दिले ते अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये, आणि शंभर वर्षांनंतरही तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या स्वरांच्या लांब लहरी शंकूला सहज वळसा घालत असल्यामुळे पुढचा दाब आणि मागची विरळता एकमेकांना मारतात, आणि म्हणून शंकू पेटीत बसवावा लागतो. ही पेटी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ती पूर्ण बंद असते. एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये अशाच बंद पेटीतील हवेचा स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारातूनही खोल खर्ज मिळवून दाखवला. दुसऱ्या प्रकारात पेटीला एक नळी असते, ज्याला पोर्ट म्हणतात. तिच्यातील हवा ठरावीक वारंवारतेला कंप पावून शंकूच्या मागच्या बाजूचा आवाज उपयोगी दिशेने बाहेर आणते. वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या, आणि तिचे एकक हर्ट्झ. बाजारातील बहुसंख्य टॉवर स्पीकर या दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि त्यांच्या पेटीचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये व त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पक्के केले.

या गणिताचा व्यवहारातील अर्थ असा की खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज या तीन गोष्टी एकाच स्पीकरमध्ये एकत्र मिळत नाहीत. दोन निवडल्या की तिसरी सोडावी लागते. एक सप्तक खाली उतरून तोच आवाज द्यायचा असेल तर शंकूला चौपट हवा हलवावी लागते, म्हणून टॉवरमध्ये एकाऐवजी दोन-तीन वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचे शंकू, एकाखाली एक बसवलेले असतात. थोडक्यात, उंच पेटीतून मिळतो तो अधिक खोल खर्ज आणि अधिक मोठा आवाज सहन करण्याची क्षमता. मधल्या आणि वरच्या स्वरांची गुणवत्ता केवळ पेटी उंच असल्यामुळे वाढत नाही, आणि त्याच निर्मात्याच्या त्याच मालिकेतील लहान स्पीकरमध्ये पुष्कळदा तोच ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा घुमट, बसवलेला असतो.

आता खोलीचा विचार करावा लागतो, आणि या विषयाचा गाभा तोच आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणून ४० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी साडेआठ मीटरांहून अधिक भरते, म्हणजे ती लहर बहुतेक दिवाणखान्यांत पूर्ण मावतही नाही. अशा लहरी समोरासमोरच्या भिंतींवरून परावर्तित होऊन स्वतःतच मिसळतात, आणि खोलीच्या मापानुसार काही ठरावीक स्वर फुगतात. याला खोलीचा अनुनाद म्हणतात. हिशेब सोपा आहे: आवाजाच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले की त्या दिशेचा सर्वांत खालचा अनुनादी स्वर मिळतो. १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असा, मुंबई-पुण्यातील इमारतींत सहज आढळणारा दिवाणखाना घेतला, तर लांबीचा अनुनाद सुमारे ३८ हर्ट्झवर, रुंदीचा सुमारे ५७ वर आणि उंचीचा सुमारे ६० वर येतो. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे शेवटचे दोन अनुनाद एकमेकांना चिकटतात आणि ५७ ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात जो स्वर येईल तो इतरांपेक्षा ठळक, लांबट आणि घुमणारा ऐकू येतो. १० फूट बाय १० फुटांच्या खोलीत हे तिन्ही दिशांनी घडते. त्याच खोलीत काही फूट सरकून बसले की तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो, कारण अनुनादी लहरीला जागोजागी शिखरे आणि दऱ्या असतात. स्पीकर कितीही महाग असला तरी त्याला यातून सुटका नाही. उलट जो स्पीकर जितका खाली उतरतो तितके अधिक अनुनाद तो जागे करतो.

येथे परदेशी परीक्षणांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. युरोप-अमेरिकेतील, विशेषतः अमेरिकेतील, पुष्कळ घरांच्या आतील भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे फलक ठोकून केलेल्या असतात. अशी भिंत खालच्या स्वरांनी किंचित थरथरते आणि त्यांची काही ऊर्जा शोषून घेते किंवा बाहेर जाऊ देते. आपल्याकडील विटांची भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब जवळजवळ काहीच शोषत नाहीत, त्यामुळे तोच खर्ज खोलीत कोंडला जाऊन अधिक जोरकस होतो. तिकडच्या परीक्षकाला जो टॉवर भरदार वाटला तो डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जड आणि धूसर वाटू शकतो, आणि ज्याचा खर्ज त्याला थोडा कमी वाटला तोच स्पीकर येथे समतोल ठरू शकतो. त्यात लादीची जमीन, सिमेंटचा गिलावा आणि काचेच्या सरकत्या खिडक्या यांमुळे वरचे स्वरही उसळत राहतात. जाड पडदे, पुस्तकांचे भरलेले कपाट, कापडी सोफा यांनी वरच्या आणि मधल्या स्वरांचा हा कलकलाट पुष्कळ आटोक्यात येतो. सतरंजीचा परिणाम फक्त अगदी वरच्या स्वरांपुरता होतो, आणि खर्जावर या कशाचाही फारसा उपयोग होत नाही, कारण लहर जितकी लांब तितका शोषक थर जाड लागतो.

भिंतीपासूनचे अंतर हाही खोलीचाच भाग आहे. स्पीकर मागच्या भिंतीला लागून ठेवला की भिंतीचे परावर्तन मिसळून खर्ज सहा डेसिबलपर्यंत वाढू शकतो. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे मोजमाप असून दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी जाणवते. तोच स्पीकर पुढे ओढला तर भिंतीवरून परतलेली लहर एका विशिष्ट स्वरापाशी मूळ लहरीच्या विरुद्ध पडून त्याला खाते. वूफर आणि भिंत यांत ६० सेंटीमीटर अंतर असेल तर हा खड्डा १४४ हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे नेमका ज्या स्वरावर गाणे उभे आहे तोच दुबळा होतो. उपाय असा की वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तीन अंतरे एकसारखी ठेवू नयेत, म्हणजे तीन खड्डे एकाच जागी साचत नाहीत, आणि स्पीकर काही इंच मागेपुढे करून गायकाचा आवाज सर्वांत भरीव कोठे लागतो ते शोधावे. ज्या घरात टीव्हीच्या कपाटाशेजारचा एकच कोपरा स्पीकरसाठी उपलब्ध आहे, तेथे मागच्या बाजूला पोर्ट असलेला मोठा टॉवर आणणे म्हणजे घुमणाऱ्या खर्जाला निमंत्रण देणे होय.

यापुढचा प्रश्न असा की ऐकायचे काय आहे. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, बेस गिटारच्या नेहमीच्या सर्वांत खालच्या तारेचा सुमारे ४१ चा, आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातील खर्ज त्याच्याही खाली जातो. ख्यालगायनाची गरज निराळी आहे. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते, डग्ग्याचा घुमारा याच परिसरात असतो, आणि स्त्रीगायिकेच्या पट्टीत हे सारे आणखी वर सरकते. म्हणजे ५० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर ख्यालाच्या मैफलीतील जवळजवळ सर्व काही देतो. तानपुऱ्याचे सौंदर्य तर खर्जाच्या मूळ स्वरात नसून जवारीमुळे उमलणाऱ्या उपस्वरांच्या मालिकेत आहे, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या सूक्ष्म स्वरांत आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास तबला आणि तंतुवाद्ये यांतील या उपस्वरांचा अभ्यास केला होता. हे उपस्वर मधल्या आणि वरच्या पट्ट्यात पसरलेले असतात. ज्या स्पीकरवर चार तारा छेडल्यावर पाचवा, सहावा स्वर आपोआप उमटल्याचा भास होत नाही आणि नुसता एक गुंजारव ऐकू येतो, तो ख्यालासाठी कमी प्रतीचा मानावा, मग त्याचा खर्ज कितीही खोल असो. ज्याचा संग्रह मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांचा आहे, त्याने तर खोल खर्जासाठी पैसे मोजण्याचे कारणच नाही, कारण त्या मुद्रणांत तो खर्ज उतरलेलाच नाही.

मधल्या पट्ट्याची परीक्षा कशी करावी, याचे उत्तर क्रॉसओव्हरमध्ये आहे. क्रॉसओव्हर म्हणजे खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे पाठवणारा, वेटोळी आणि कपॅसिटर यांचा विद्युत परिपथ. दोन वाटण्या असलेल्या स्पीकरला टू-वे म्हणतात. मधल्या स्वरांसाठी स्वतंत्र शंकू असेल तर थ्री-वे. अडचण अशी की १७ सेंटीमीटरचा शंकू २००० हर्ट्झच्या आसपास आपला आवाज सर्वत्र पसरवण्याऐवजी टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकू लागतो, कारण तेथे लहरीची लांबी शंकूच्या व्यासाएवढी होते. त्याच ठिकाणी ट्वीटर सुरू झाला तर तो मात्र चौफेर पसरतो. समोर बसलेल्याला दोन्ही सारखे वाटतात, पण भिंतींवरून परतणाऱ्या आवाजात एकदम बदल होतो आणि गायकाचा आवाज दोन तुकड्यांत जोडल्यासारखा लागतो. मानवी कान २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यानच सर्वाधिक तीक्ष्ण असतो, म्हणून हा दोष लपत नाही. चांगला थ्री-वे टॉवर मधल्या स्वरांसाठी लहान शंकू वापरून हा दोष टाळू शकतो, आणि टॉवरच्या बाजूने सांगता येण्यासारखे हे सर्वांत सबळ कारण आहे, खर्जापेक्षाही सबळ.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी बाजूला जाणाऱ्या आवाजाचे हे महत्त्व सिद्ध केले. पडद्याआड ठेवलेले स्पीकर ऐकणाऱ्या श्रोत्यांनी वारंवार त्याच स्पीकरांना पसंती दिली ज्यांचा समोरचा प्रतिसाद सपाट होता, म्हणजे सर्व स्वर सारख्या पातळीवर देणारा होता, आणि ज्यांचा बाजूला जाणारा आवाजही तितक्याच सुरळीतपणे घटत होता. पुढे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवून दिले की पडदा काढून स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की त्याच श्रोत्यांची मते बदलतात. आकार आणि नाव कानावर मात करतात. उंच, चकचकीत टॉवर दुकानात जो प्रभाव पाडतो त्याचा काही भाग डोळ्यांचा असतो, हे खरेदीदाराने मान्य करूनच दुकानात पाऊल टाकावे.

माहितीपत्रकातील आकड्यांपैकी तीनच खरोखर वाचण्यासारखे असतात. पहिला आकडा वारंवारतेच्या पल्ल्याचा. त्याच्यापुढे अधिक-उणे तीन डेसिबल अशी मर्यादा लिहिलेली नसेल तर तो निरर्थक आहे, कारण दहा डेसिबलने क्षीण झालेला स्वरही त्यात मोजलेला असू शकतो. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो त्याचा. २.८३ व्होल्ट हे आठ ओहमच्या स्पीकरमध्ये एक वॉट होतात आणि चार ओहमच्या स्पीकरमध्ये दोन वॉट, त्यामुळे चार ओहमच्या स्पीकरचा आकडा कागदावर तीन डेसिबलने अधिक दिसतो हे लक्षात ठेवावे. तिसरा आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा. हा विरोध स्वरानुसार बदलतो आणि काही टॉवरमध्ये तीन ओहमपर्यंत खाली येतो, तेथे हलका अॅम्प्लिफायर तापतो किंवा आवाज विस्कटतो. वॉटच्या आकड्याला मात्र अवाजवी महत्त्व दिले जाते. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीची जोडी तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्याला केवळ एकेका वॉटमध्ये ८० डेसिबलहून अधिक आवाज देते, जो घरगुती श्रवणाला भरपूर आहे. उरलेली शक्ती समेवर पडणाऱ्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी लागते. पीएमपीओ नावाने छापले जाणारे हजारो वॉटचे आकडे कोणत्याही मापनपद्धतीत बसत नाहीत आणि ते वाचूच नयेत. जोडणीसाठी विजेच्या दुकानात मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. पाच मीटर अंतरापर्यंत तिचा एकूण विरोध ०.०७ ओहमच्या आसपास राहतो, आणि महागड्या केबलचे पैसे पडद्यांवर खर्च केले तर ते सत्कारणी लागतात.

इमारतीतील घराला आणखी एक मर्यादा असते, ती शेजाऱ्यांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही परिसराच्या आवाजाची मर्यादा आहे, आणि भिंतीतून व स्लॅबमधून सर्वांत सहज पलीकडे जातो तो खर्जच. त्यामुळे फ्लॅटमधले श्रवण बहुधा हळू आवाजात होते, आणि हळू आवाजात कान खालच्या स्वरांना मंद होतो, हे हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. हळू आवाजात संगीत पोकळ वाटते म्हणून मोठा टॉवर घेतला जातो. वास्तविक त्यावरचा उपाय अॅम्प्लिफायरवरील लाउडनेसच्या बटणात किंवा टोन कंट्रोलमध्ये असतो, पेटीच्या आकारात नसतो.

हवामानाचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो, पण तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. शंकूच्या कडेची लवचिक पट्टी फोमची असेल तर दमट हवेत ती कालांतराने चुरा होऊन गळते, म्हणून कोकणात आणि मुंबईत रबराच्या कडेचाच स्पीकर घ्यावा. जुना स्पीकर घेताना ही कड बोटाने हळूच दाबून पाहावी, कारण शंकू नव्याने बसवण्याचे, म्हणजे रिकोनिंगचे, काम चांगला कारागीर मिळाला तरच जमते. पेटी बहुधा एमडीएफची, म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीची, असते आणि लादी पुसतानाचे पाणी तिच्या तळाशी रोज लागले तर ती फुगते. तळाचे अणकुचीदार स्पाइक लादीवर ओरखडे पाडतात, म्हणून त्यांखाली धातूच्या चकत्या ठेवाव्यात, आणि घरात लहान मूल असेल तर रुंद बैठक असलेला टॉवरच निवडावा.

टॉवरला खरा पर्याय म्हणजे स्टँडवरील लहान स्पीकरांची जोडी आणि वेगळा सबवूफर, म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचे स्वर सांभाळणारी स्वतंत्र पेटी. डाव्या-उजव्या स्पीकरची जागा गायक समोर बसल्याचा भास नीट व्हावा यावरून ठरते. खर्जाची उत्तम जागा मात्र खोलीच्या अनुनादावरून ठरते, आणि या दोन जागा क्वचितच एक असतात. टॉवरमध्ये दोन्ही गोष्टी एकाच पेटीत बांधलेल्या असल्यामुळे ही तडजोड अटळ होते, तर सबवूफर वेगळा असला की तो खोलीत फिरवून बसवता येतो, त्याची पातळी कमी करता येते, आणि रात्री तो बंदही ठेवता येतो. स्टँड जमिनीवर जागा टॉवरएवढीच व्यापतात, त्यामुळे जागेची बचत हे कारण मात्र खरे नाही.

दुकानात ऐकताना ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे: एक तानपुऱ्यासह विलंबित ख्याल, एक तबल्याचे एकलवादन, आणि जे काही घरी सर्वाधिक ऐकले जाते ते. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणण्याचा आग्रह धरावा, कारण एखाद्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर अकारण चांगला वाटतो. पहिल्या मिनिटात छाप पाडणारा खर्ज आणि झगमगणारे वरचे स्वर यांच्यावर निर्णय घेऊ नये. अर्ध्या तासानंतर कान थकतो की नाही हे पाहावे.

एकंदरीत, दीडशे चौरस फुटांपर्यंतच्या, विटा-काँक्रीटच्या दिवाणखान्यात १३ ते १७ सेंटीमीटरच्या वूफरचे स्टँडवरील स्पीकर हीच योग्य निवड आहे. दोनशे चौरस फुटांहून मोठी, लांबी-रुंदी-उंची वेगवेगळी असलेली आणि स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेवू देणारी खोली असेल तर मधल्या स्वरांसाठी स्वतंत्र शंकू असलेला टॉवर जरूर घ्यावा, आणि तो घेताना उंचीपेक्षा या मधल्या शंकूकडे पाहावे. दोन्ही परिस्थितींत पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे चार दिवस घरी ऐकण्याची सवलत मागावी. ती देणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी त्याच्याकडूनच खरेदी करावी.